दानम्माच्या सटातलं विरजण

मित्रांनो, मी एक जुनं विरजण आहे. स्वभावाने आंबट, पण मनाने वाईट नाही. माझ्या एका थेंबात लक्षावधी इवले जीव राहतात. तेच दुधाचं दही करतात. १९९० साली दानम्मा नवी नवरी होऊन गडहिंग्लजहून कसबा बावड्याला आली, तेव्हा चिनी मातीच्या सटात, तिच्या मांडीवर बसून, एसटीने मीही आलो. "ह्याचा खंड पडू देऊ नगंस," एवढंच तिच्या आईने बजावलं होतं.

दानम्माने मला जिवापाड जपलं. उन्हाळ्यात सटाभोवती ओलं फडकं, थंडीत चुलीशेजारची ऊब. शेजारच्या झुंबरबाईचं दही बिघडलं की ती वाटी घेऊन यायची. "तुझ्या विरजणाला तोड न्हाय बघ!" म्हणायची. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलोच होतो.

२००९ साली दानम्माच्या एकुलत्या एका मुलीला, शिवलीलाला, आजार जडला. पोटात कळा यायच्या, शौचावाटे रक्त जायचं. कॉलेजात जाणारी पोर वाळून काटकी झाली. कोल्हापूरच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी सांगितलं, आतड्याला आतून सूज येऊन जखमा झाल्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय बाईंचं एक संशोधन चालू होतं. पोटातल्या चांगल्या जिवाणूंनी ही सूज उतरते का, ते त्या तपासत होत्या. त्यासाठी रोज एक पुडी घ्यायची. काहींच्या पुडीत जिवाणू, काहींच्या पुडीत नुसती पिठी. कुणाला काय मिळालं, ते शेवटपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. अट एकच, तीन महिने दही-ताक बंद.

दानम्माने मान डोलावली. आणि दुसऱ्याच सकाळी ज्वारीचं पीठ शिजवून त्यात माझं ताक ओतलं. झाली आंबील!

"अव्वा, ही चालंल का?" शिवलीलाने आईला विचारलं.

"पी की गं. आंबील म्हंजे काय दही हाय व्हय?"

तीन महिन्यांत शिवलीला सुधारली. दानम्माला कुठलं राहवतंय! "डॉक्टरबाई, तुमच्या पुडीनं न्हवं, माझ्या आंबिलीनं पोर उठली," ती दवाखान्यात ठसक्यात म्हणाली. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आंबिलीत ताकच असतं ना! आता हिची नोंद मला वगळावी लागणार." पुढे संशोधन संपलं, पुड्यांचा उलगडा झाला. शिवलीलाच्या पुडीत नुसती पिठी होती.

"बघा! मग विरजणच की!"

"किंवा गोळ्या," बाई म्हणाल्या. "एकीवरून काही ठरत नाही. गोळ्या बंद करू नका."

पण दानम्माने मला देव्हाऱ्यात बसवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. तिने गोळ्या बंद केल्या आणि आंबील दुप्पट केली. मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडलो असतो! अगं बाई, माझे कितीतरी जीव वाटेतच मरतात. उरतात ते आतड्यात पाहुण्यांसारखे येतात आणि निघून जातात. एवढी जखम माझ्या एकट्याच्या भरवशावर कशी सोडलीस?

तीन आठवड्यांत रक्त पुन्हा सुरू झालं. शिवलीला आठ दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर दानम्माने सट उचलला आणि मला मोरीत ओतलं. "माझ्याच पोरीच्या जिवावर उठलंस!" म्हणत ती रडत होती. मला तिचा राग नाही आला. फार वाईट वाटलं.

मी वाचलो तो झुंबरबाईच्या वाटीत. तिकडे गोळ्यांनी शिवलीला सावरली, बाईंनी दह्यालाही परवानगी दिली. एका संध्याकाळी ती झुंबरबाईच्या दारात आली. "दिवेलागणीला विरजण देत न्हाईत पोरी, सकाळी ये," झुंबरबाई म्हणाली. ती सकाळी उजाडताच हजर झाली. भरलेला सट तिने आईपुढे ठेवला. "अव्वा, ह्यानं काय बी केलं न्हाय. गोळ्या आपण बंद केल्या." दानम्माने पदराने सट पुसला.

तर मित्रांनो, माझ्यावर माया करा, माझा खंड पडू देऊ नका. पण मला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवू नका. तो भार मला पेलत नाही. हल्ली रोज सकाळी दानम्मा आंबिलीचा पेला पाठीमागे धरून उभी राहते.

"आदी गोळी. गिळलीस? जीभ दाव."

शिवलीला हसत जीभ दाखवते. मगच माझी पाळी येते, आणि त्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही.