एकटा सबवूफर

नवऱ्याने, रुद्रेशने, खोक्यातून सबवूफर, नुसता जाड, घुमणारा आवाज देणारा स्पीकर, काढून लादीवर ठेवला, तेव्हा सुविधाचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती आपल्या मुलाच्या, निहारच्या, मानेकडे बघत होती. दहा महिन्यांचं पोर खोलीच्या मधोमध पाठमोरं बसून डब्याचं झाकण चघळत होतं. तिने मागून टाळी वाजवून बघितली होती, मग अजून जोरात. मान हलली नव्हती.

"परत सुरू झाला हिचा," दारात बसून तांबडी भाजी निवडणारी तिची सासू, चंद्रावती, म्हणाली. "अगो, झाकण तोंडात असल्यार तो देवाकसुद्धा वळून बघूचो नाय. खाणीचो ट्रक इलो की तुझ्याआदी ह्याका कळता. बहिऱ्याक कळता काय कधी?"

ट्रकाचं खरंच होतं. पाळी गावात त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून. खनिज भरलेला ट्रक वळणावर आला की जनेलाच्या काचा थरथरायच्या आणि निहार हातातलं टाकून इकडेतिकडे बघायला लागायचा. पोर तिखट कानाचं आहे हे त्यावरून सगळ्या वाड्याने ठरवूनच टाकलं होतं. सुविधाही त्या ट्रकांची वाट बघायची. ट्रक गेला, पोराने मान उचलली, की तेवढ्यापुरती सुटायची. मग पुन्हा तेच प्रश्न. हाक मारली तर का बघत नाही? बांगड्या वाजवल्या तर? जन्मल्यावर कानांची तपासणी करायची राहून गेली होती. मोबाइलवर तिने इतकं काही वाचलं होतं की झोप उडाली होती.

"सुविधा, ती लांब वायर दी गो!" रुद्रेश ओरडला. तो खाणीवर मशीन चालवायचा. दिवसभर इंजिनाच्या आवाजात बसून घरातही ओरडूनच बोलायचा. यंदा चतुर्थीला भजनं दणक्यात वाजली पाहिजेत, हा त्याचा हट्ट.

त्याने वायरचं एक टोक स्टिरिओच्या पाठीमागे खोचलं, दुसरं सबवूफरमध्ये. मग दोन्ही स्पीकरच्या वायरी काढून ठेवल्या.

"ते कित्याक काढलंस?" चंद्रावतीने विचारलं.

"आदी हो एकटो कसो वाजता तो बघूया. सगळे एकदम लावले तर कोण वाजता तेच कळूचा नाय."

त्याने भजन लावलं. ना शब्द, ना चाल. नुसतं ढूं… ढूं… शेजारच्या घरात कुणी मुसळ घालावं तसं.

निहारने झाकण टाकलं. तो वळला आणि लादीवर दोन्ही हात आपटत खिदळायला लागला.

"बघ! बघ गो बाय!" चंद्रावतीने भाजीची जुडी हवेत नाचवली. "पाठीमागसून वाजला नी वळलो! आता तरी सुखान दोन घास खा."

सुविधाचे डोळे भरून आले. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"आता नुसते स्पीकर," म्हणत रुद्रेशने सबवूफरची वायर उपटली आणि स्पीकरच्या जोडल्या. आवाज कमी करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. गाणाऱ्याचा टिपेचा सूर, झांजा, पेटी, सगळं एकदम अंगावर आलं. कुंपणावरचा कावळा उडाला. चंद्रावतीने कान झाकले. "मेल्या, कमी कर!"

निहारने झाकण उचललं, पाठ फिरवली आणि ते पुन्हा तोंडात घातलं.

"कमी करू नको," सुविधा म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ती त्या मानेकडे बघत राहिली. झांजा वाजत होत्या. मान हलत नव्हती. "आता परत तो लाव. एकटा."

"कित्याक?"

"लाव सांगते ना!"

ढूं… ढूं… निहार वळला.

सुविधाने वाकून लादीवर तळहात टेकला. लादी थरथरत होती. ट्रक आला की जशी थरथरते, तशीच.

"तो ऐकत नाही, रुद्रेश. त्याला लादीतून कळतं. ट्रकही लादीतूनच कळत होते."

"कायतरी बोलतंस," तो म्हणाला, पण हळू. त्याने सगळं बंद केलं, मुलाच्या मागे उकिडवा बसला. "निहार." मग जरा जोरात. मग खाणीच्या या टोकावरून त्या टोकाला मारावी तशी हाक. "निहाऽऽर!"

शेजारून कुणीतरी विचारलं, "काय झाला रे?"

निहार झाकणाची कड न्याहाळत होता.

चंद्रावतीने भाजी बाजूला सारली आणि नातवाकडे नुसती बघत राहिली. त्याने सुविधा जास्त घाबरली. सासू चिडवत होती तोवर, असं काही नाही म्हणणारं निदान एक माणूस तरी घरात होतं.

"उद्या सकाळीच बांबोळीला इस्पितळात जाऊया," रुद्रेश म्हणाला. "तू वाचलंस ना सगळा? काय करतत?"

"मशीनवर तपासतात. लवकर कळलं तर…" पुढचं तिला आठवेना. दहा महिने म्हणजे लवकर की उशीर?

निहारची जेवायची वेळ झाली होती. तिने पेजेची वाटी आणली. सवयीने त्याचं नाव ओठांवर आलं, ते तिने तिथेच गिळलं. ती खालीच बसली आणि तळहाताने लादीवर थाप मारली.

त्याने लगेच बघितलं. ती दिसताच हसला आणि रांगत निघाला. तो मांडीपाशी पोचेपर्यंत ती थापा मारत राहिली.