निम्म्या किमतीतली गाणी

पूर्ण किमतीत काही घेणं म्हणजे बाबांना हरल्यासारखं वाटायचं. अगदी गाणंसुद्धा! शिलाईच्या दुकानात मशीनशेजारी फोन ठेवून ते ऑनलाइन गाण्यांचे भाव बघत बसायचे आणि करवादायचे, "ना कापड, ना दोरा, आणि एवढे पैसे?" मग तेच गाणं कुठल्याशा मैफिलीतलं, टाळ्या-खोकल्यांसकट निम्म्या किमतीला मिळालं, की स्वारी खूश. आईला म्हणायची, "बघ, माणसं फुकट आली सोबत."

थंडीत बाबा गेले. आईने दुकान उघडलं खरं, पण कामाला हात लागेना. फोनवर बाबांची गाणी लागली, की तेवढे तिचे हात चालायचे. गाणी थांबली, की मशीनही थांबायचं.

आणि तो फोन आता अखेरच्या घटका मोजत होता. नव्या फोनवर गाणी घ्यायची तर पासवर्ड हवा, आणि तो बाबा सोबत घेऊन गेलेले. पण घाबरेल ती झिपरी कसली! शाळेत वादविवादात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाबांची लेक ती. तिने सरळ गाणी विकणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. बाबा वारले, खातं आईच्या नावावर करून द्या.

"वाईट वाटलं ऐकून," पलीकडची बाई म्हणाली. "पण ग्राहक गेला की खातं बंद होतं, ताई. गाणी विकलेली नसतात, ग्राहकाला फक्त ऐकायची परवानगी असते."

"मग बटणावर 'विकत घ्या' असं कशाला लिहिता?"

बाईने खातं बंद करायची नोंद केली आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत जुन्या फोनमधली गाणी एकूण एक गायब.

झिपरीपुढे आता एकच प्रश्न. आईला सांगायचं कसं? साठवलेल्या खाऊच्या पैशांतून तिने आईचं सगळ्यात लाडकं गाणं पुन्हा घेतलं. मैफिलीतलं कंपनीने विक्रीतून काढून टाकलेलं, म्हणून स्टुडिओतलं, पूर्ण किमतीचं. सकाळी आई यायच्या आत तिने ते नव्या फोनवर लावून ठेवलं.

आईने कापड सुईखाली सरकवलं, पाय हलवला आणि थबकली.

"यात टाळ्या कुठे गेल्या?"

"हे चांगलं आहे गं आई. एकदम स्वच्छ."

"झिपरे."

झालं! वादविवादातली सगळी हुशारी गळून पडली. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. पैसे परत मिळत नाहीत, तेही.

आई रागावेल, असं तिला वाटलं होतं. आईने नुसता हातातला काठ सरळ केला, मग पुन्हा सरळ केला. गायिका आपली गातच होती, खोलीत दुसरं माणूसच नसल्यासारखी.

"तू त्यांना सांगितलंस? बाबा गेले म्हणून?"

"हो... सांगायलाच हवं ना?"

"हवं." आईने मशीनवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मी कापडवाल्यालासुद्धा अजून सांगितलं नाही गं. त्याचा फोन आला, की म्हणते, बाहेर गेलेत."