अगस्त्याच्या आड आलेला दिवा

मी पाण्याच्या टाकीशेजारच्या खांबावरचा दिवा बोलतोय. तोच तो पिवळा, जो दूरच्या वळणावरून सगळ्यात आधी दिसायचा. मला बघून तुम्ही "चला, आलं गाव" म्हणायचात आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पण आज फुशारकी मारायची नाहीये. एका संध्याकाळी मला मुद्दाम विझवलं, त्याची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीशेजारी झाला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी पाणीपुरवठ्याच्या गोदामात आलो. शेजारी नळाच्या तोट्या आणि गंजलेले वॉल्व. तिथे बराच काळ मी धूळ खात पडलो होतो.

एक दिवस पंप चालवणारे अण्णा आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, "सगळ्यात मोठा दिवा कुठला आहे?" गोदामवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "टाकीला एवढा कशाला, अण्णा? अख्खं गाव उजळेल." अण्णा म्हणाले, "उजळू दे."

कारण मला नंतर कळलं. टाकी गावाच्या दक्षिणेला, टेकडीवर आहे. वर जायला दगडी पायऱ्या. अण्णांचा धाकटा भाऊ दिवेलागणीनंतर वर जाऊन टाकीच्या झाकणावर उताणा पडायचा, तारे बघत. एकदा मान वर करूनच उतरत होता. पाय चुकला आणि गुडघ्याचा पार चुरा झाला. तेव्हापासून तो बसून करता येण्याजोगं पत्र्याचं काम करतो. बादल्या, नरसाळी, धुराडी. गाव त्याला काका म्हणतं. काका त्या पडण्याबद्दल कधी बोलले नाहीत. अण्णांनी मात्र मला टाकीशेजारच्या खांबावर चढवलं आणि ते रोज अंधार पडायच्या आत मला लावू लागले. एक दिवसही चुकले नाहीत.

मला वाटायचं, माझ्या वर काहीच नाही. नुसती तांबूस, धुरकट पोकळी. खाली पायऱ्या, लांब घरांची छपरं, समोर पंपाची खोली. जे माझ्या उजेडात येतं तेवढंच जग, अशी माझी पक्की समजूत होती.

मग अण्णांची मुलगी परत आली. दूर उत्तरेकडच्या शहरात शिकून इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मुलं तिला ताई म्हणतात. आल्या आल्या तिने ठरवलं की सगळ्या शाळेला एका संध्याकाळी आकाश दाखवायचं. ठरवायची बैठक माझ्याच पायाशी, टाकीच्या कट्ट्यावर बसली. ताई, हेडसर, आणि खुर्च्या-सतरंज्या भाड्याने देणारे शेठ.

"पौर्णिमेला ठेवू," हेडसर म्हणाले. "चंद्राचा उजेड असतो. मुलं धडपडणार नाहीत."

"आणि जागा हीच बरी," शेठ म्हणाले. "हा दिवा आहे ना. शिवाय माझे दोन हॅलोजन आणतो. एक इकडून, एक तिकडून. तारे कसे लख्ख दिसतील!"

ताईने कपाळाला हात लावला. मग हसायलाच लागली. "शेठ, तारे काय लग्नातले पाहुणे आहेत का, उजेड पाडून ओळखायला? चंद्र नसेल असाच दिवस हवा. आणि हा दिवासुद्धा बंद करायचा."

"म्हणजे काळोखात बसायचं? डोंबल दिसणार काळोखात!"

ताई उठली. दक्षिणेकडे, बरोबर माझ्या दिशेने बोट करून म्हणाली, "इथे अगस्त्य तारा उगवतो. मी शिकत होते तिथे तो जेमतेम क्षितिजावर डोकावायचा. तेवढ्यासाठी आम्ही कडाक्याच्या थंडीत गच्चीवर उभे राहायचो. एखादं झाड आड आलं की संपलं. आणि आपल्याकडे तो चांगला वर येतो, हिवाळाभर रोज येतो, तर आपण त्याच्यासमोर हा दिवा टांगून ठेवलाय! वर्गात विचारलं, आकाशगंगा कुणी बघितलीय? एक हात वर नाही. पुस्तकातलं चित्र बघितलंय, म्हणाली मुलं."

हे ऐकून मला कसंसंच झालं. मी कुणाच्या आड येतोय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हेडसरांना पटलं. शेठांना पटल्यासारखं झालं. प्रश्न अण्णांचा होता. ते पंपाच्या खोलीच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

"दिवा बंद होणार नाही," ते म्हणाले.

"अण्णा, थोडा वेळ फक्त."

"अगं, हा एकदा विझला की लगेच पेटत नाही. गार व्हावा लागतो, मग हळूहळू पेटतो. तेवढ्यात एखादं पोर गडगडत खाली गेलं तर? एक पाय गेलाय या घरातला त्या ताऱ्यांपायी. पुरे."

ते म्हणाले ते खरं होतं. घाईचं काम माझ्याकडून होत नाही.

ताईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत टेकडी चढून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"दादा, हा दिवा कुणासाठी लावलास?"

"हे काय विचारणं झालं? तुझ्यासाठी."

"मग माझं ऐक. मी अंधारामुळे नाही पडलो. उतरताना वर बघत होतो म्हणून पडलो. सरळ बसून बघितलं असतं तर आज तुझ्यापेक्षा जास्त पळत असतो. तू माझा पाय सांभाळलास, दादा, पण माझं आभाळ बंद केलंस. वरती येण्यासारखं ठेवलंसच काय?"

अण्णांनी पाठ फिरवली. खोलीत जाऊन उगाचच वंगणाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला.

पण त्या आठवड्यात रोज दुपारी मी त्यांना पायऱ्यांवर बसलेलं पाहिलं. शेजारी चुन्याची बादली, हातात कुंचला. प्रत्येक पायरीच्या कडेला ठसठशीत पांढरा पट्टा. सैल दगड पक्के केले, दोन्ही बाजूंना दोर बांधला. ताई एकदा घरून त्यांचा डबा घेऊन आली आणि पट्टे बघून थबकली.

"अण्णा, हे कशासाठी?"

"चुना उरला होता," अण्णा म्हणाले.

ठरलेल्या दिवशी मुलं ऊन असतानाच वर आली. सतरंज्या पसरल्या. शेठ टेंपोतून हॅलोजन घेऊन हजर! "असू द्या हो, माझ्याकडून," म्हणत होते. ताईने ते दोन्ही दिवे परत टेंपोत चढवायला लावले. शेठ रुसून सतरंजीच्या टोकाला बसले.

अंधारून आलं. अण्णांनी सवयीने मला लावलं होतं. सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं, "जो उठेल त्याची गाठ माझ्याशी," असा दम भरला आणि खटका खाली ओढला.

मी विझलो. आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू जग माझ्या उजेडाबाहेर पसरू लागलं. तेवढ्यात एक मुलगी किंचाळली, "आई गं!"

अण्णा धावले. खटका वर केला. मी पेटायची शिकस्त केली, पण माझी काच अजून तापलेली होती. अण्णा खांबाला धरून ओरडत होते, "पेट रे, पेट!"

"ताई, तारा पडला! केवढा मोठा!" तीच मुलगी म्हणाली. सगळीकडे हशा पिकला. कुणी पडलं नव्हतं. कुणी उठलंही नव्हतं.

काका अंधारातून म्हणाले, "दादा, खटका बंद कर. आणि इकडे ये, जागा ठेवलीय."

अण्णांचा हात खटक्यावर बराच वेळ राहिला. मग त्यांनी खटका खाली ओढला आणि भावाशेजारी जाऊन आडवे झाले.

आणि मी पाहिलं. माझ्या डोक्यावर पोकळी नव्हतीच. मृग होता, व्याध होता, मधून दुधाळ पट्टा गेला होता, आणि दक्षिणेला, माझ्या खांबाच्या अगदी शेजारी, तो शांत पांढरा अगस्त्य. इतकी वर्षं आम्ही शेजारी होतो आणि ओळख नव्हती.

खूप वेळाने सतरंजीच्या टोकाकडून शेठांचा आवाज आला, अगदी हळू. "एवढे? रोज असतात का हे?"

"रोज," ताई म्हणाली.

मला वाटलं होतं, आता मी भंगारात जाणार. पण काकांनी माझं माप घेतलं आणि पत्र्याचा एक खोल टोप ठोकून आणला. अण्णांनी शिडी लावून तो माझ्या डोक्यावर बसवला. आता माझा सगळा उजेड पायऱ्यांवर पडतो, आणि वरचं वरच्यांना राहतं. टोपात मी जरा विनोदी दिसतो, पण काम पूर्वीपेक्षा चांगलं करतो. आता वळणावरून मी दिसत नाही. गाव तरीही तुम्हाला सापडतंच.

एक विनंती आहे. तुमच्या अंगणातला, गच्चीवरचा, दुकानावरचा दिवा आज जरा बघा. तो कुणाच्या पायाशी उजेड पाडतोय, की उगाच आभाळावर ओततोय? त्याला एक टोप घाला. मी सांगतो, त्याला राग येणार नाही.

चंद्र नसला की अण्णा अजूनही मला थोडा वेळ विझवतात. मग काकांच्या शेजारी बसून विचारतात, "दिसला का रे?"

विचारतात काकांना. पण त्यांच्याआधी मीच मनातल्या मनात म्हणतो, दिसला.