उसनी की दिलेली

बायको जाऊन तीन दिवस झाले आणि लोहार अजून तिचा सुळा ओल्या फडक्यात गुंडाळून दारोदार हिंडत होता. सुळेवाल्या ऑर्क राक्षसांच्या सात टोळ्यांची युती होऊन शंभर वर्षं झाली होती, पण एका मेलेल्या बाईसाठी त्याला अजून सगळ्यांचे उंबरठे झिजवावे लागत होते.

नियम तसा सोपा. आदिमायेनं सुळ्यांनी आतून डोंगर फोडला आणि आपली सात पोरं उजेडात आणली. म्हणून मेलेल्याचा सुळा टोळीच्या भिंतीत बसवायचा, म्हणजे पुढच्या जन्मी त्यालाही वाट फोडता येते. त्याआधी सुळा वाळून चिरला, तर ते माणूस कायमचं आतच राहिलं.

लोहाराचा चुलताच त्यांच्या टोळीचा पुजारी. तो दारातूनच म्हणाला, "अरे, आपल्यात परटोळीची सून उसनी असते. उसनं परत करायचं. माहेरी ने तिला."

"बत्तीस वर्षं भाता ओढला तिनं माझा, काका!"

"ओढला असेल. नियम काय मी केलाय?"

माहेरच्या देवळात मेव्हणा पुजारी होता. त्यानं बहिणीचा सुळा कपाळाला लावला, डोळे पुसले आणि परत दिला. "दाजी, आमच्यात मुलगी उसनी देत नाहीत, देऊन टाकतात. दिलेली परत घेता येत नाही."

"मग बसा ना एकदा समोरासमोर आणि ठरवा! उसनी की दिलेली?"

"बसले होते की. युतीच्या पहिल्याच सभेत. पण आदिमायेच्या पोटातून आधी कोण आलं, यावरच जुंपली. दोन बाकं मोडली आणि सभा उठली."

लोहार तणतणत युतीच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "दोन्ही टोळ्यांचा दाखला आणा."

"तो मिळाला असता तर तुमचं तोंड बघायला कशाला आलो असतो, बाई?"

"आवाज खाली. पुढचे कोण?"

बाहेर येऊन त्यानं फडकं सोडलं. सुळ्याच्या बुडाशी केसाएवढी चीर पडली होती. तो धावतच माहेरच्या देवळात परतला. मेव्हण्यानं चीर पाहिली, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "एक वाट आहे. लग्न झालंच नव्हतं, असं लिहून द्या. बिनलग्नाची मुलगी आमचीच."

लोहाराच्या डोक्यात सणक गेली. "आणि बत्तीस वर्षं काय पाहुणी म्हणून राहिली?"

"दाजी, चीर वाढतेय."

लोहारानं कागदावर अंगठा असा दाबला, की कागद फाटायचाच बाकी राहिला.

मेव्हणा सुळा घेऊन आत निघाला. लोहार मागोमाग गेला, तर दारावरच्या बाईनं काठी आडवी धरली. "आत फक्त नातलग."

"अहो, मी तिचा..." अंगठ्यावरची शाई अजून ओली होती.

दारातून त्याला भिंत दिसत होती. मेव्हण्यानं सुळा कोनाड्यात ठेवला, टोक उजवीकडे करून.

"तसा नको!" लोहार ओरडला. "डावीकडे वळव! उजव्या कुशीवर झोप लागत नाही तिला!"

आतली एक म्हातारी वळून बघायला लागली. "हा कोण रे?"

मेव्हण्यानं सुळा डावीकडे वळवला. त्यानं मागे पाहिलं नाही.

"शेजारचे आहेत," तो म्हणाला.