पोथीच्या फडक्यात बांधलेली कादंबरी

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनी पुढे या, माझा आवाज आता फार लांब जात नाही. आज तुम्हाला अशी गोष्ट सांगते, की ती आठवली म्हणजे माझ्या जुन्या पानांवर अजून काटा येतो.

मी एक जुनी कादंबरी आहे. 'आटलेलं जग' हे माझं नाव. धुळ्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शाई वाळायच्या आतच माझी पानं दुमडली आणि दोऱ्याने शिवली. तिथून एसटीच्या टपावर बसून मी शिरपूरला आले. राममंदिराच्या सभामंडपाला लागून एक लहानसं वाचनालय होतं, तिथल्या कपाटात मला जागा मिळाली. माझं भाग्य बघा! पोटात भयंकर गोष्ट, आणि कानावर मात्र रोज टाळ-चिपळ्या. भिंतीपलीकडे कीर्तन रंगलं, की कपाटाच्या काचा थरथरत आणि मीही आत डोलत असे.

माझ्या पोटातली गोष्ट काय होती? एके दिवशी आभाळ पांढरं फटक होतं आणि पाऊस जगातून निघून जातो. शहरं ओस पडतात. कोरड्या विहिरींत काहीतरी राहायला येतं. ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. ते फक्त हाक मारतं, आणि तीही तुमच्याच मेलेल्या माणसाच्या आवाजात. जो वाकून बघतो, तो परत येत नाही. अशा जगातून यमू नावाची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाण्याच्या शोधात चालली आहे.

लोकांनी मला किती वाचलं म्हणून सांगू! आमचे ग्रंथपाल झुलालआबा माझं पहिलं कोरं पान मुद्दाम उघडून दाखवत. वाचकांनी त्यावर पेन्सिलीने शेरे लिहिले होते. एकाने लिहिलं होतं, 'एकट्याने वाचू नये.' त्याखाली दुसऱ्याने, 'दुकट्यानेही वाचू नये.' त्याखाली आबांचं अक्षर, 'मग वाचायची कुणी?' अमळनेरच्या कॉलेजातल्या एका तरुणाने लिहिलं होतं, 'माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी कंदील विझवला नाही.' आणि कुण्या सासूबाईंनी थेट लेखकालाच विचारलं होतं, 'आमची सून विहिरीवर जाईना झाली. आता पाणी तुम्ही आणून देता का?'

पण एका वाचकाने मला कायमचं अधू केलं. ते कापडाचे व्यापारी रतिलालशेठ. त्यांची सून सूरजबाई बाळंतपणाला टेकलेली होती आणि मला हातातून सोडत नव्हती. शेठजींनी तिच्याआधी माझा शेवट वाचला, घामाघूम झाले, आणि शेवटची पानं टरकन फाडून पाणी तापवायच्या बंबात घातली. तेव्हापासून माझी गोष्ट एका वाक्यावर तुटते. यमू विहिरीच्या काठावर उभी आहे, आतून तिच्या मेलेल्या आईने हाक मारली आहे, 'आणि यमू...' बस्स. पुढे काही नाही.

ते एकोणीसशे बाहत्तर साल होतं. खऱ्या जगातही पाऊस फिरकला नव्हता. मंदिरासमोर कुंदाबाई राहत. एका शाळामास्तरांच्या विधवा, कीर्तनाच्या मोठ्या वेड्या. श्रावणात त्यांच्या ओट्यावर दुपारची पोथी लागे आणि आळीतल्या बाया ऐकायला येत. त्या वर्षी पोथीची समाप्ती झाली, तरी बायांना उठवेना. घरी जाऊन करायचं काय, तर रिकाम्या हंड्यांकडे बघायचं. म्हणून कुंदाबाईंनी मला वाचायला घेतलं. पण विधवा बाई उघड्या ओट्यावर कादंबरी वाचते म्हटल्यावर लोक बोलले असते. त्यांनी मला पोथीच्या लाल फडक्यात बांधलं आणि चौरंगावर ठेवलं. शेवटची पानं नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. धुळ्याच्या वाचनालयात माझी दुसरी प्रत होती, ती तोवर येईल असा त्यांचा हिशेब.

आळीतल्या बायांना आतली गंमत ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त नानीबाईला. ही सातपुड्याच्या पायथ्याची म्हातारी लाकडाची मोळी विकायला शिरपुरात येई. मोळी विकली, की ओट्याच्या पायरीवर बसून ऐके. लाल फडकं, चौरंग, उदबत्ती हे सारं बघून तिने मला हात जोडले. तिच्या लेखी मी पोथी होते. पोथीत लिहिलेलं ते सगळं खरं, आणि समाप्तीआधी उठून जायचं नाही. तिने समाप्तीपर्यंत एक वेळ जेवायचा नेमही धरला.

मित्रांनो, मला हजारो डोळ्यांनी वाचलं. पण त्या म्हातारीसारखं मला कुणी ऐकलं नाही. यमूला तहान लागली, की तिचे ओठ सुकत.

दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक गुजरातकडे निघाला. नानीबाईचा मुलगा अमरसिंग तान्ही पोर खांद्यावर घेऊन ओट्यापाशी आला. बाकीची पोरंबाळं, गाडगी-मडकी सगळी ट्रकवर चढली होती.

"चाल माय, लोके बठ्ठा बसी ग्यात. गाडी उभी शे."

"पोथी पुरी व्हवाबिगर मी नही जावाव."

"आठे काय खाशी? पोथीना कागद?"

बाया हसल्या, पण नानीबाई हसली नाही. ती कुंदाबाईंकडे वळली. "अक्का, मन्ही पोर मोगरा उन्हायामा तापमा गयी. तैपशी मी गावनी हिरमा वाकीसन ऐकस. एक डाव तरी आवाज देई का? तुन्ही पोथी सांगस, हिरमातून आवाज येस. मंग तो खरा शे का खोटा? खरा व्हई ते मी आठेच ऱ्हासू. मन्ही पोर हाक मारी, आनि मी गुजरातमा?"

हीर म्हणजे तिच्या गावची विहीर. गावात तिच्या घरचं कुणी उरणार नव्हतं. दाणा नाही, पाणी नाही. ही म्हातारी कोरड्या विहिरीच्या काठावर बसून राहिली असती, आणि तीही माझ्या शब्दावर! माझ्या अंगात शक्ती असती, तर मी चौरंगावरून खाली उडी मारली असती.

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. धुळ्याची प्रत कुणाकडे तरी वाचायला गेलेली, ती आलीच नव्हती. त्यांनी समोरच्या दुकानात हाक मारली, "रतिलालशेठ, इकडे या! इथल्यांपैकी शेवट तुम्हीच वाचलाय. यमूचं पुढं काय झालं?"

शेठजी कापड मोजायचा गज हातात घेऊनच आले. नानीबाईकडे बघून त्यांनी मान खाली घातली. "अक्का, ते नका विचारू. ते सांगण्यासारखं असतं, तर मी बंबात कशाला घातलं असतं?"

कुंदाबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि मला उघडं करून नानीबाईपुढे धरलं. "नानी, ही पोथी नाही. माणसाने मनाने रचलेली गोष्ट आहे. फडकं मी बांधलं, लोकांच्या भीतीने. चूक माझी."

मला वाटलं, आता म्हातारी थुंकून उठून जाईल. तिने माझ्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. "मानूसनी रची?"

"हो."

"मंग तू बी मानूसच शे ना? पुरी कर. पोरले हिरवर उभी ठेवीसन मी कशी जाऊ?"

खाली ट्रकचा भोंगा वाजला. अमरसिंगने हात वर करून ट्रकला थांबायची खूण केली. कुंदाबाई उठल्या. त्यांनी देवघरातून चिपळ्या आणल्या, पदर खोचला आणि कीर्तनाच्या उत्तररंगात कथा सांगायला बुवा उभे राहतात तशा ओट्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"यमू काठावर उभी आहे," त्या म्हणाल्या. "आतून आई हाक मारते, ये गं, ये. यमूचं पाऊल उचललं. तेवढ्यात कडेवरचा भाऊ रडायला लागला. आणि त्याला निजवायला यमूच्या तोंडून आपसूक आईची अंगाई निघाली." कुंदाबाई ती अंगाई गायला लागल्या. साधीच, घराघरात म्हणतात तशी. एकेक करून बाया सूर धरायला लागल्या. "यमू गाते आहे, आणि ऐकते तर काय, हा तर आईचाच आवाज! तोच गळा, तोच हेल. मग ती विहिरीला म्हणाली, माझी आई तुझ्यात नाही. ती माझ्या गळ्यात आहे. मी जाईन तिथे ती येईल. असं म्हणून तिने पाठ फिरवली, आणि विहीर मुकी झाली."

चिपळ्या थांबल्या. रामनामाचा गजर झाला. मी कितीतरी कीर्तनं भिंतीपलीकडून ऐकली होती. पण देव ओट्यावर उतरून उभा राहतो, हे त्या दुपारी मी पाहिलं.

नानीबाईने डोळे पुसले. अमरसिंगची तान्ही पोर तिने आपल्याकडे घेतली आणि तिच्या कानाशी हळूच काहीतरी गुणगुणली. इतकं हळू, की शब्द मला कळले नाहीत. गुणगुणता गुणगुणता ती मध्येच थांबली, जणू आपल्याच गळ्यात मोगराचा आवाज ओळखू आला. मग प्रसादाचा गूळ तोंडात टाकून म्हणाली, "चाल रे अमरसिंग."

रतिलालशेठ उपरण्याने नाक पुसत होते. "हा शेवट छापला असता, तर मी फाडलाच नसता," ते म्हणाले.

मित्रांनो, नंतर धुळ्याची प्रत आली. आबांनी तिचा शेवट माझ्यात हाताने उतरवायचा म्हटलं, तर कुंदाबाईंनी नको म्हणून सांगितलं. आता मला कुणी नेत नाही. वाळवी एका कोपऱ्यातून सुरुवात करून आत आली आहे. तुमच्या हाती एखादं पुस्तक आलं, तर त्याची पानं फाडू नका, दुमडू नका. कुणाचा जीव कोणत्या ओळीवर अडकला असेल, सांगता येत नाही.

नानीबाई पुन्हा शिरपुरात दिसली नाही. गुजरातेत राहिली, की वाटेत कुठे थांबली, मला माहीत नाही. पण तुमच्या घरात कुणी लहान बाळाला निजवत असेल, तेव्हा क्षणभर त्या मोळीवाल्या म्हातारीची आठवण काढा. आणि तिच्या मोगराचीही.