कलेजीच्या वाटणाची सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. सुरी म्हटलं की लोक जरा दचकतात, पण मी आयुष्यात पावाशिवाय काही कापलेलं नाही. व्हिएतनाममधल्या सा-देक गावात, नदीकाठच्या बाजाराच्या तोंडाशी थोआची बान्ह मीची, म्हणजे भरल्या पावाची, गाडी उभी असते. त्या गाडीवर मी राहते. लांबट पाव पोटात उभा चिरायचा, त्याच्या दोन्ही अंगांना कलेजीचं वाटण फासायचं, एवढंच माझं काम असे. पण हे काम करायला किती हलका हात लागतो, ते दुकानातल्या चकचकीत सुऱ्यांना विचारू नका. त्यांना काय कळणार?

माझा जन्म एका मोडक्या बसच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून झाला. गावाबाहेरच्या लोहाराने तो पाटा तापवून ठोकला, घासला आणि नारळाच्या लाकडाची मूठ बसवून थोआच्या आईच्या हाती दिला. तेव्हा मी चांगली रुंद होते. थोआची आई रोज पहाटे चिनी मातीचा वाडगा पालथा घालायची आणि त्याच्या खरखरीत बुडावर मला चार-सहा वेळा फिरवायची. झाली धार! त्या वाडग्यांच्या बुडांनी मला झिजवून झिजवून आज बोटभर रुंदीची करून ठेवली आहे. पण झिजले म्हणून मला वाईट वाटत नाही. कामाच्या वस्तूने झिजायचंच असतं.

आई थकली आणि गाडी थोआकडे आली. पहाटे भट्टीतून पोत्यात भरून गरम पाव यायचे. गाडीच्या पोटात कोळशाची शेगडी असे, तिच्यावर ते कुरकुरीत राहत. मी पावात शिरले की त्याचं साल करकर वाजायचं. मग वाटण, डुकराच्या मांसाचे काप, मुळा-गाजराचं आंबवलेलं लोणचं, काकडी, कोथिंबीर, मिरची. गिऱ्हाईक मोटरसायकलवरून न उतरताच पाव घ्यायचं आणि म्हणायचं, “थोआ, तुझ्या पावाला तोड नाही!” त्यातलं निम्मं कौतुक मी माझ्याकडे घेत असे. कुणी नको म्हणत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला आमचे बहुतेक लोक शाकाहारी खातात. कांदा-लसूणसुद्धा नाही. काहीजण एरवीही शाकाहारीच मागतात, म्हणून थोआने गाडीवर दोन बाजू केल्या होत्या. उजवीकडे मांसाचा पाट आणि मी. डावीकडे टोफू, अळंबी, त्यांचा वेगळा पाट आणि पिवळ्या मुठीची वेगळी सुरी. पौर्णिमा-प्रतिपदेला मात्र मांस गाडीवर येतच नसे. त्या दिवशी शाकाहारी सामान हाताशी, म्हणजे उजवीकडे यायचं आणि मला धुऊनपुसून सुट्टी मिळायची. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं परत आपापल्या जागी.

मुओई आजी मात्र रोजच शाकाहारी पाव नेत असे. तिच्या मुलीच्या, फानच्या, हृदयाची झडप बिघडली होती. जिना चढली तरी फानला धाप लागायची. सायगॉनच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करायचं होतं आणि तारखेची वाट पाहणं चाललं होतं. आजी करुणेच्या देवीला नवस बोलली होती, ‘माझी पोर वाचव, मी शंभर दिवस शाकाहारी राहीन.’ ज्या बाईने जन्मभर माझ्या हातचं कलेजीचं वाटण मिटक्या मारत खाल्लं, तिने शंभर दिवस टोफू खायचा म्हणजे गंमत नव्हे.

“आज कितवा, आजी?” थोआ विचारायची.

“बासष्टावा. आणि टोफूवर सोया सॉस जरा सढळ हातानं घाल गं. नवस मी बोललेय, माझी जीभ नाही बोलली!”

हे संभाषण ज्या सकाळी झालं, ती पौर्णिमेनंतरची सकाळ होती. आदल्या दिवशी थोआने अडीचशे शाकाहारी पाव कापले होते, सगळे उजव्या बाजूने. आता मी माझ्या जागी परत आले होते आणि नुकतंच एका टेम्पोवाल्याच्या पावाला वाटण फासून बाजूला झाले होते. थोआने आजीसाठी पाव घेतला. डोळे आजीकडे, तोंडाने फानची चौकशी आणि हात? हात कालच्या सवयीने उजवीकडे गेला. त्याने मला उचललं.

मित्रांनो, त्या वेळी मला हाक मारता आली असती तर! माझ्या पात्याला कलेजी लागलेली होती आणि मी तशीच आजीच्या पावात शिरले. आजी शेजारच्या लुओमच्या कॉफीच्या बाकावर बसली. एक घास खाल्ला, हळूहळू चावला. मग उरलेला पाव वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाली, “बाकीचा घरी खाते,” आणि उठून गेली.

थोडी गर्दी ओसरल्यावर थोआला टोफूच्या पाटावर तपकिरी ओरखडा दिसला. डावीकडची पिवळ्या मुठीची सुरी कोरडी ठणठणीत होती. थोआच्या तोंडचं पाणी पळालं.

“लुओमदादा, मी आजीचा नवस मोडला!”

लुओमने सगळं ऐकलं, कॉफी गाळायची थांबवली आणि आवाज खाली आणला. “गप्प बस. पोटात गेलं, विषय संपला. म्हातारी त्या नवसाच्या जोरावर उभी आहे. तिला सांगून तिचे पाय का कापतेस?”

“पण देवीला तर माहितीये ना?”

“देवी काही तुझ्या गाडीवर पाव खायला येत नाही.”

थोआला ते पटलं नाही. उद्या सांगेन, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी आजी आली ती लांबूनच हात हलवत. “तारीख मिळाली गं, थोआ! दोन महिन्यांनी. सायगॉनहून फोन आला.” तिचा चेहरा इतका फुललेला होता की थोआच्या ओठांवरचे शब्द तिथेच विरले.

त्या सकाळी तिने मला उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि शेगडीखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकून दिलं. चूक हाताची, शिक्षा सुरीला! खरं सांगते, मला फार लागलं ते. वर दुकानातून आणलेली लाल प्लास्टिकच्या मुठीची सुरी आली. ती पाव कापायची कसली, नुसता कुस्करायची. मी डब्यात गंजत पडले आणि कान देऊन वरचं ऐकत राहिले.

काही दिवसांनी गिऱ्हाइकांच्या कुरबुरी ऐकू येऊ लागल्या. कधी वाटण अळणी, कधी खारट. एकदा तर लुओम ओरडलाच, “थोआ, आज वाटणात अख्खा समुद्र ओतलास की काय? तीन पेले पाणी प्यालो!”

मोटरसायकली थांबायच्या कमी झाल्या. थोआच्या आईने ज्या वाटणावर नाव कमावलं होतं, ते वाटण तिच्या डोळ्यांदेखत बिघडत चाललं होतं.

शेवटी एके दिवशी मुओई आजीच गाडीपुढे येऊन उभी राहिली. “लोक काय म्हणतात ते ऐकतेस ना? तुझ्या हाताला झालंय काय? वाटण शिजवताना चाखत नाहीस का?”

“नाही, आजी.”

“का?”

थोआ रडायलाच लागली. “कशी चाखणार? मी शाकाहारी आहे. शंभर दिवस.”

“तू? कलेजी विकणारी बाई शाकाहारी? कुणासाठी गं?”

मग थोआने सगळं सांगून टाकलं. पौर्णिमेनंतरची ती सकाळ, चुकीची सुरी, पाटावरचा ओरखडा. “तुमचा नवस माझ्या हातानं मोडला, आजी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी देवळात गेले आणि देवीला म्हटलं, फानताईसाठीचे शंभर दिवस आता माझ्याकडून घे. मला माफ करा.”

डब्यात मी श्वास रोखून होते.

“आज कितवा तुझा?” आजीने विचारलं.

“एकेचाळिसावा.”

“माझाही.”

“तुमचा? तुमचे तर शंभर भरलेसुद्धा असतील.”

“वेडे, पन्नास वर्षं मी ते वाटण खातेय. पहिल्या घासालाच जिभेनं ओळखलं. उरलेला पाव माशांना घातला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून सुरू केलं.”

“मग मला बोलला का नाहीत? चार शिव्या घालायच्या!”

“घातल्या असत्या. पण मग तू माझ्यासाठी पाव करताना कायम घाबरली असतीस. घाबरलेल्या हातचं मला खायचं नव्हतं.”

“पण आजी, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तुमचे शंभर भरायचे नाहीत.”

“माझे साठ होतील. तुझे साठ. मिळून एकशेवीस. देवी काय शाळेतली मास्तरीण आहे, सगळे एकाच वहीत पाहिजेत म्हणायला?”

पलीकडून लुओमच्या हसण्याचा आवाज आला, आणि मग नाक शिंकरल्याचा. वाटण चाखायचं काम त्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडलं. त्याने ते मोठ्या आनंदाने केलं. कॉफी विकायचं मात्र विसरायचा.

“ती सुरी कुठंय?” आजीने विचारलं. थोआने खाली वाकून मला बाहेर काढलं. माझ्या अंगावर गंज चढला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीने लुओमकडून एक वाडगा मागितला, पालथा घातला आणि आपल्या सुरकुतलेल्या हातांनी मला त्याच्या बुडावर घासू लागली. गंज गेला, धार आली. मग लिंबू चोळून तिने मला धुतलं आणि डाव्या बाजूला, टोफूच्या पाटावर ठेवलं.

“आजपासून ही इथं. माझा पाव हिनंच कापायचा.”

“आजी, अहो, हीच ती!”

“माहितीये. तुला सुधारायला वाव मिळाला, मला मिळाला. हिनंच काय घोडं मारलंय?”

फानचं ऑपरेशन झालं. सहा तास चाललं म्हणतात. ते सहा तास थोआने गाडी लावली नाही, देवळात बसून राहिली. पुढे काही आठवड्यांनी फान स्वतःच्या पायांनी बाजारात आली, आणि घाटाच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढून आली. मी पाहिलं ते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या वस्तू असतील. चूक झाली की त्यांना आपटू नका, अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, धार लावा, पुन्हा कामाला घ्या. आणि ज्याच्या बाबतीत चूक झाली, त्याच्याजवळ जाऊन बोला. त्या दोघी रोज सकाळी हातभर अंतरावर उभ्या राहायच्या, एकमेकींसाठी उपाशी जीभ घेऊन, आणि एकेचाळीस दिवस एकीलाही दुसरीचं कळलं नाही. बोलायला एवढा उशीर करू नका.

शंभरावा दिवस सरला, त्याच्या दुसऱ्या सकाळी दोघी लुओमच्या बाकावर बसल्या आणि कलेजीचं वाटण फासलेला एकेक पाव त्यांनी खाल्ला. आजीने डोळे मिटून घेतले होते. थोआ पहिल्याच घासाला म्हणाली, “मीठ जरा कमी पडलंय.” ते पाव लाल मुठीच्या सुरीने चिरले; मी टोफूच्या बाजूलाच होते, मला त्यांना हात लावायचा नव्हता. त्या दोघींचं व्रत संपलं होतं. माझं अजून चालू आहे.