परमीलियाने निवडलेला पालक

महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे कौंटी कोर्टाचा दिवस. बाहेर खेचरं विकायला आलेले अर्ध्या केंटकीचे लोक कोकलत होते, पण परमीलियाची नजर हिझकाया काकांवरून हलत नव्हती.

बाप गेला तेव्हा कोर्टाने या काकांना तिचा पालक नेमलं. पालक कसला, जळू! बापाचं तंबाखूचं रान खाल्लं, आईची घोडी विकली आणि पोरीला तिच्याच घरात मोलकरीण केलं. चौदा पूर्ण झालेल्या अनाथाला कोर्टात उभं राहून आपला पालक आपणच निवडता येतो. त्या एका दिवसासाठी तिने सहा वर्षं दातओठ खात काढली होती.

"बाराचीच आहे हो ती, जजसाहेब." काकांनी घरचं बायबल टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्याच जन्मतारखा घरोघरी त्यातच लिहायची पद्धत. "देवाच्या पुस्तकात कुणी खोटं लिहितं का?"

परमीलियाच्या जन्माचं साल चाकूने खरवडून नवं घातलेलं. म्हातारे जज डोळे बारीक करून बघत राहिले.

"काका माझे पालक झाले त्या दिवसाचं दप्तर काढा की साहेब," परमीलिया म्हणाली. "माझं वय त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. मी इथंच उभी होते."

कारकुनाने जुनं बाड काढून धूळ झटकली. "मुलीचं वय आठ वर्षं पूर्ण. सही, हिझकाया स्टॅम्पर. सहा वर्षं झाली साहेब."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बरं पोरी, कोण हवा पालक?"

सगळ्यांच्या माना तिच्या आईच्या बहिणीकडे, सुझाना मावशीकडे वळल्या. गरीब गाय बिचारी, डोळ्यांना रुमाल लावून बसली होती.

"एसा बेगली," परमीलिया म्हणाली.

हा बेगली कुंपणाच्या वादापायी काकांशी दहा वर्षं भांडत होता, आणि हावरटपणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जुन्या पालकाकडून पै न् पै वसूल करणं, हे नव्या पालकाचं पहिलं काम.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिच्या कानाशी लागले. "अगं, वेड लागलंय का तुला? तो तुझीही जमीन गिळेल! मावशीचं नाव घे, माझी बाई."

"गिळू दे," ती म्हणाली. "मावशीने तुम्हाला माफ केलं असतं."